पुढून ह्यांचं, मागून माझं

२८ मार्च, सोमवार

मिठाचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला. खुर्ची घेतल्याशिवाय हात पुरायचा नाय. ह्यांनी पाहिलं. अर्धी भाकर ताटात सोडून उठले.

उठू दे. उपाशी माणूस मरत नाय एका दिवसात. छातीनं मरतो.

फेब्रुवारीत ह्यांची छाती भरून आली. तीन दिवस दवाखान्यात काढले. नळी घालून पाहिलं. डाक्टर म्हणाले, झटका नाय आलेला, पण रक्ताची वाट अर्धी बुजलीय. आता गोळ्या आणि राहणी. राहणी बदलली तर माणूस राहील. मीठ कमी, तेल कमी, तंबाखू बंद, रोज चालणं, वजन उचलायचं नाय, डोकं तापवायचं नाय.

तिथंच उस्मानपुऱ्यात डाक्टरच्या शेजारच्या खोलीत चारुता मॅडम बसते. खाणंपिणं सांगायला. माझ्या लेकीच्या, सुरेखाच्या वयाची पोरगी, बोलणं पुस्तकातलं. म्हणाली, काकू, वही घाला. काकांनी काय खाल्लं, किती चालले, रोज लिहा. दर महिन्याला दाखवा. आणि स्वयंपाक एकच करा, तुम्हीही तेच खा. मी व्हय म्हणलं. मला काय झालंय?

वही आणली. पुठ्ठ्यावर ह्यांनी स्वतःचं नाव घातलं, अप्पाराव, कंपनीतल्या अक्षरात. पुढून ह्यांचं लिहायचं. मागून मी माझं लिहिणार. ते कोणाला दाखवायचं नाय. चौथी शिकलेली बाई, चुकलं तर चुकलं.

३० मार्च

तंबाखूच्या सात पुड्या निघाल्या! बुटात दोन, डब्याच्या पिशवीत दोन, एक उशीच्या खोळीत, एक मीटरच्या पेटीत. आणि एक देवाच्या फोटोमागं. देवाच्या.

समोर मांडल्या. म्हणलं मोजा. हे हसायला लागले. मला हसू आलं नाय. म्हणलं, कडुबा भाऊजी आठवा.

हसणं बंद झालं. थोरले दीर. कंपनीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसले. वाळूज आलं, सगळे उतरले, ते उतरले नाय. एकोणपन्नास वय. हे आता पन्नास.

पुड्या टाकून द्यायला जीव होईना. तव्यावर भाजल्या, काळ्या कुळकुळीत केल्या, वाटून मिश्रीच्या डबीत भरल्या. ह्यांची तंबाखू सुटली, माझ्या दातांची दोन महिन्यांची सोय झाली.

३ एप्रिल, रविवार

पाणी आज सातव्या दिवशी. ते पण टँकर. नळाचा पाईप नुसता फुसफुस करतो. इकडं सातारा परिसरात बिल्डिंगी उगवल्या गवतासारख्या, खाली बोअर कोरडं. गावाकडं दुष्काळ म्हणून माणसं इकडं आली, इकडं आल्यावर तोच दुष्काळ तिसऱ्या मजल्यावर.

मॅडम म्हणती पालेभाजी तीन पाण्यातून धुवा. बाई, तीन पाणी? एका पातेल्यात धुते, ते पाणी भांड्याला, ते पाणी संडासात.

मागच्या उन्हाळ्यातलं वाळवण अजून भरलेलं. पापड, कुरडया, सांडगे. कैरीचं लोणचं दोन बरण्या. ह्यांना सगळं बंद. मग करायचं काय? उकिरड्यावर नेऊन टाकू? माझ्या हातानं लाटलेले पापड हायेत. मागच्या सालात पाण्याचा थेंब न् थेंब मोजून केलेलं. हे जेवून उठले की मी स्वयंपाकघरात भिंतीकडं तोंड करून खाते. पापड पाण्यात भिजवून मोडते, आवाज नको. दुधाची साय ह्यांना बंद, ती पण मीच. संपवून टाकते एकदाचं.

८ एप्रिल, पाडवा

ह्यांना एक पुरणपोळी. बिगर तुपाची. मॅडमनं एकीची परवानगी दिलेली.

ती खाल्ली आणि ताटाकडं बघत बसले. म्हणाले, “हा सण हाय का शिक्षा?”

मी म्हणलं शिक्षा. घ्या उचलून.

उरलेल्या चार मी खाल्ल्या. तुपात बुडवून, सणाचं शिळं ठेवायचं नाय म्हणून. गोड लागल्या नाय. बाहेरच्या खोलीत हे पडलेले होते. पहिली पाळी करून आले की हे चार वाजता झोपतात. मी गेले आणि नाकापाशी हात धरला. श्वास हाय. मग कढई घासली. परत जाऊन हात धरला.

हे रोज करते मी. हे लिहायला पण लाज वाटती.

१२ एप्रिल

टँकर सकाळी सातला. हे नेमके सुट्टीवर, खाली आले आणि हंड्याला हात घातला. मी हात झटकला, वर पाठवलं. डाक्टरनं काय सांगितलंय?

अठरा हंडे. तीन मजले. माझे मी.

द्वारकाबाई समोरच्या दारातली, तिला राहवतंय व्हय? म्हणाली, “मनकर्णाबाई, अप्पाराव काय नवरदेव हायेत का, गॅलरीत उभं राहून बघायला?” सगळ्या बाया फिदीफिदी. मी म्हणलं, तुझा मालक धडधाकट हाय म्हणून तुझं तोंड चालतंय.

मी वर आले तर हे गॅलरीतून आत गेलेले. तोंड भिंतीकडं. 

माणसाला जिवंत ठेवायचं का त्याची इज्जत ठेवायची? दोन्ही एका हातात मावत नाय.

१५ एप्रिल

रोज संध्याकाळी चालायला जातात, वहीत पुढच्या बाजूला मी लिहिते — पाऊण तास, खंडोबापर्यंत. आज बूट पाहिले. स्वच्छ! खंडोबाच्या रस्त्याला पांढरा मुरूम हाय, पायरीपर्यंत जाऊन आलं की चप्पल पिठात बुडवल्यासारखी होती.

मी मागून गेले. कोपऱ्यावर कचरूचं पंक्चरचं दुकान. आमचा खंडोबा तिथं टायरवर बसला होता. हातात चहा.

 समोर जाऊन उभी राहिले. कचरू पंप घेऊन आत गेला.

मग हे बोलले. हळू. “कडुबा रोज दहा किलोमीटर सायकल मारायचा. तंबाखू नाय. दारू नाय. अंडं सुद्धा नाय. तो गेला. मी चालून काय उपटणार सांग.”

 ह्याचं उत्तर मॅडमला आलं असतं. मी म्हणलं, “तुम्ही गेलात तर मी भाकर कोणासाठी थापू?” रस्त्यात म्हणलं. लोक बघत होते.

उठले. दोघं चाललो खंडोबापर्यंत. मला त्यांच्या बरोबरीनं चालवेना. छाती भात्यासारखी चालली. चपलेचा अंगठा तुटका हाय, त्यानं. मी पायऱ्यांवर बसले. हे वर जाऊन आले, मी खालूनच हात जोडले. खंडोबाला म्हणलं, ह्यांना साठपर्यंत ने. रिटायर होईपर्यंत तरी ने. पुढचं पुढं बघू.

१९ एप्रिल

त्रेचाळीस ऊन. दाढ दुखती. हंडा डाव्या खांद्यावर घेते म्हणून तो खांदा भरलाय. पाठ पण.

मिश्री जरा जास्त लावली. बरं वाटलं.

२३ एप्रिल, शनिवार

टँकर भर दुपारी आला. चौदा हंडे झाले, पंधराव्याला जिन्यात बसले. घामानं न्हाले, ओकले. डावीकडची दाढ कानापर्यंत ठणकतीय. मिश्री लावून तासभर पडले. हे यायच्या आत उठून भाकरी टाकल्या. उन्हाचं.

२६ एप्रिल

अंगात काय राहिलंच नाय. कणीक तिंबताना दोनदा बसले.

द्वारकाबाई ताक घेऊन आली. म्हणती डाक्टरला दाखव. दाढेसाठी कोण जातंय डाक्टरकडं? एक पेशंट घरात हाय तेवढा पुरे. ताकात मीठ होतं भरपूर. प्याले.

२९ एप्रिल

कंपनीच्या दवाखान्यात ह्यांचं बीपी मोजलं. एकशे साठ!

मीठ नाय, तेल नाय, पापड नाय, तंबाखू नाय. एकशे साठ. वही भिंतीवर फेकून मारली. मग उचलली. पानं सरळ केली.

मी कुठं कमी पडते? देवा, मी ह्या माणसाला वाळक्या भाकरीवर ठेवलं. त्याचं हसू बंद केलं. चार बायांत त्याची मान खाली घातली. हे सगळं करून बी एकशे साठ?

तर मग हे जाणारच हायेत. कडुबासारखे. खिडकीला डोकं टेकून. मी रोज पावणेसहाला बसमध्ये चढवून देते आणि माघारी फिरताना मला वाटतं, आजच.

४ मे

सापडलं. डबा! ह्यांच्या रुमालाला लसणाचं तेल लागलेलं.

माझा डबा कंपनीतलं कुत्रं खातंय. हे बद्रीनाथच्या डब्यात जेवतात. बद्रीनाथ ह्यांच्याच मशीनवर, खुलताबादकडचा. त्याची बायको लसणाची चटणी तेलात पोहायला सोडती आणि वर ठेचा देती. महिना झाला चाललंय.

बद्रीनाथला फोन लावला. त्यानं पहिल्यांदा उडवून लावलं. मग म्हणाला, “वहिनी, तुमचा डबा उघडला की माणूस रडकुंडीला येतो हो.”

मी म्हणलं, “रडू द्या. रडणारा जिवंत असतो.”

 मग म्हणाला, उद्यापासून मी पण माझा डबा बंदच ठेवतो, बघू दोघं कवर उपाशी राहतो ते. चांगला माणूस हाय. मी फोनवरच रडले. त्याला कळू दिलं नाय. नाक सुरसुरलं तर म्हणलं मिरची भाजतीय.

हे आल्यावर मी भांडले नाय. ताट वाढलं. खाली बघून खाल्लं. एवढ्या वर्षांत मी भांडले नाय असं पहिल्यांदाच झालं असंल, त्याचीच त्यांना भीती वाटली.

९ मे, अखजी (अक्षय्य तृतीया)

कडुबा भाऊजींच्या नावानं मातीची घागर भरायची होती. ह्यांच्या घरात मेलेल्या माणसाला ह्या दिवशी पाणी देतात. आठ दिवसांचं पाणी पिंपात गुडघ्याएवढं. भरली तरी. काठोकाठ. त्यांना उन्हाळ्यात फार तहान लागायची.

घागर पाटावर ठेवली, वर आंबा ठेवला. हे समोर मांडी घालून बसले. हात जोडले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “पुढच्या साली दोन घागरी भरशील का ग?”

मी पळी पाटावर आपटली.

मग माझं काय झालं मला कळलं नाय. ओरडले. इतके दिवस मी वजन, मीठ, बीपी बोलत होते. आज म्हणलं, मला भ्या वाटतंय. रोज चार वाजता मी तुमच्या नाकाला हात लावते. मला कंटाळा आलाय हात लावून. तुम्हाला जायचं तर एकदा ठरवून जा, मला असं रोज नका मारू.

ह्यांना माहीतच नव्हतं नाकाचं.

मग घागरीवर हात ठेवला. म्हणाले, भावाच्या पाण्याची शपथ. तंबाखू नाय. दुसऱ्याचा डबा नाय. चालीन.

अंघोळीशिवाय राहिलो दोघं. पाणी घागरीत गेलं.

१६ मे

चालतात. बूट पांढरे! रोज तपासते.

मीठ न मागता जेवतात. लिंबू पिळून घेतात. आज मेथीची भाजी दुसऱ्यांदा घेतली. मी ताटाकडं बघत होते, तर म्हणाले, काय बघतीस, जेवतोय ना.

मला भूक नाय. लोणच्याचा खार घेतला भाकरीबरोबर, तेवढंच उतरतं. दुसरी बरणी तळाला आली. पायाला सूज वाटती. जोडवी रुतायला लागली.

२१ मे

जिन्यात तमाशा झाला. मी सातव्या हंड्याला दुसऱ्या मजल्यावर कठड्याला टेकले. हे वरून उतरले आणि हंडा धरला. मी सोडेना. म्हणाले, “अगं एक. एकच हंडा.” मी म्हणलं एक पण नाय. दोघांच्या ओढाओढीत अर्धा हंडा जिन्यावर सांडला.

सगळ्या बिल्डिंगीला पाणी दिसलं. बायांना ते सांडलेलं पाणीच दिसलं.

हे म्हणाले, तू का इतका दम खातीस? मी म्हणलं वय झालं. सत्तेचाळीस. म्हणाले, आपल्या डाक्टरला विचारू तुझं. मी म्हणलं, त्या डाक्टरकडं तुमचा नंबर लागलेला हाय, माझा नाय. एका घरात दोन पेशंट करायचे का?

 पण तेव्हापासून माझ्याकडं बघतात. मी त्यांच्याकडं बघायचे तसं.

२८ मे

आडवं पडलं की धाप लागती. दोन उशा घेते. मेलं वाळवण काय पोटात बसलंय.

दाढ ठणकायची राहिली. मिश्रीनं राहिली.

२ जून

कंपनीत बीपी मोजलं. एकशे अठ्ठावीस. चार किलो वजन कमी! बद्रीनाथनं फोन करून सांगितलं, ह्यांच्या आधी. म्हणाला, वहिनी, तुमच्या डब्यानं माझं बी पोट आत गेलं.

मी जिन्यात बसून घेतलं. आनंदानं बी पाय जातात माणसाचे.

५ जून, रविवार

परवा उस्मानपुऱ्यात जायचं. आधीचा महिना हुकला होता, मॅडम रागवंल. रागवू दे. दाखवायला माझ्याकडं एकशे अठ्ठावीस हाय.

आज वही सगळी चाळली. पुढून ह्यांचं येत येत मधल्या टाचणीपर्यंत आलंय. मागून माझं तिकडं सरकतंय. मध्ये पाचसहा पानं कोरी राहिली. पुढं बघितलं तर सगळं नीटनेटकं — भाकरी दोन, वरण वाटीभर, चाल पन्नास मिनिटं. मागं बघितलं तर नुसतं रडगाणं, दाढ आणि खांदा. फाडून टाकावं वाटलं. कागद फुकट जाईल म्हणून ठेवलं.

हे चार वाजता झोपले. मी गेले हात लावायला. डोळे मिटलेलेच, म्हणाले, हाय ग मी. जा, पड जरा.

पडले नाय. पापडाचा शेवटचा डबा निघाला होता. तो संपवला. घरात आता एक बी वावगी वस्तू नाय.

७ जून, मंगळवार

दवाखान्यातच हाय. खाटेवर. हाताला सुई, अक्षर तिरकं येतंय.

मॅडमनं वही मागितली. मी घाईत उलटी दिली. तिनं मागचं उघडलं. ओढून घ्यायला गेले, तर तिनं हात वर करून मला थांबवलं आणि वाचत राहिली. मग एका पानात बोट घालून उठली आणि डाक्टरला घेऊन आली. ह्यांना बाहेर बसवलं. मला आत झोपवलं, छातीला वायरी लावल्या.

पट्टी बघून डाक्टर म्हणाले, झटका येऊन गेलाय. काही आठवडे झाले असावेत. कधी त्रास झाला होता?

मी म्हणलं, ह्यांना कवा आला झटका?

“तुम्हाला, बाई.”

मॅडमचं बोट तिथंच होतं. २३ एप्रिल. माझ्याच हातचं. उन्हाचं.

मिश्री कशाची असते, तिनं विचारलं. मी सांगितलं. सांगता सांगता मलाच ऐकू आलं.

हे आत आले. वही घेतली. उलटी करून माझ्या बाजूच्या पुठ्ठ्यावर लिहिलं — मनकर्णा. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, त्यांच्या हातचं माझं नाव पहिल्यांदा पाहिलं. खाली एक ओळ घातली. हंडा उचलायचा नाय.

मी वाचलं. म्हणलं, तुम्ही बी नाय, मी बी नाय, मग पाणी कोण भरणार?

 खिडकीतून खाली टँकर चालला होता, कोणाच्या तरी दारी.